गौरीजेवणाच्या दिवशीचं रजिस्टर

मी मुळात उतावळी. दूध तापायला ठेवलं की शेगडीपाशी माझ्याच्यानं उभं राहवत नाही, आणि जरा बाजूला गेले की ते हटकून उतू जातं. अशा बाईला देवानं वाट पाहण्याची शिक्षा द्यावी, आणि तीही चांगली चार-साडेचार वर्षं, म्हणजे देवही काही कमी खट्याळ नाही. त्यातून ती शिक्षा मी माझ्याच तोंडानं ओढवून घेतलेली. म्हणून बोलायची सोय नव्हती, आणि न बोलता मला राहवत नाही.

आमचे हे जयपूरच्या एका सरकारी कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे. साताऱ्याहून आम्ही तिथं गेलो ते पन्नास सालानंतर लगेचच. चांदपोल दरवाज्याच्या आत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गच्ची, एवढा आमचा संसार. मुलगी तिथंच वाढली, त्यामुळे तिच्या मराठीत दर दोन वाक्यांमागे एक ‘मतलब’ यायचा. तीन-चार वर्षांत माझंही तेच झालं. फक्त यांचं मराठी जसंच्या तसं राहिलं. हे एकूणच तसे होते. एका बाटलीचं बूच चुकून दुसऱ्या बाटलीला लागलं, तर यांना त्या दिवशी जेवण जात नसे.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत प्रत्येक मुलाला एक पुडी मिळते. तिच्यात कुठला तरी क्षार असतो आणि तो कुठला हे मुलानं चार तासांत शोधून काढायचं असतं. कुणाला कुठली पुडी, हे फक्त यांच्या वहीत लिहिलेलं असे. साठ साल उलटल्यावर एका परीक्षेनंतर दोन मुलांनी लेखी दिलं की आम्हाला क्षाराचं नाव सरांनीच आदल्या दिवशी सांगितलं होतं. झालं. यांना निलंबित केलं आणि चौकशी बसली. कुणी म्हणायचं, यांनी आदल्या वर्षी एका बड्या माणसाच्या पुतण्याला नापास केलं, त्याचा हा डूख. असेलही. मला त्यातलं काही ठाऊक नाही.

चौकशी एका दुपारी आटोपली. यांनी एका ओळीत लिहून दिलं की आरोप मान्य नाही.

“एकच ओळ?” मी म्हटलं. “अहो, चांगलं चार पानं लिहायचं.”

“शिक्षा ठरवण्याआधी ते मला पुन्हा नोटीस देतात,” हे म्हणाले. “तसा नियमच आहे. तुला काढून का टाकू नये, असं विचारावं लागतं. तेव्हा सगळं सविस्तर मांडायचं. प्रत्येक गोष्टीची एक जागा असते.”

आणि हे त्या नोटिशीची वाट पाहू लागले. काय काय लिहायचं याची टिपणंसुद्धा काढून ठेवली. मी मात्र घरात एका जागी बसत नव्हते. घासलेली भांडी पुन्हा घासत होते.

भाद्रपदात गौरी आल्या. नवऱ्याची नोकरी टांगणीला आहे म्हणून गौरी थांबत नाहीत. पूजेच्या दिवशी मी सकाळी न्हाऊन, सोवळ्यात वाळत घातलेलं पातळ नेसून स्वयंपाकाला लागले. आमच्या सासरचं सोवळं कडक. नैवेद्य होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही, बाहेरचं काही घ्यायचं नाही, कागदाला तर हातच लावायचा नाही. सासूबाई साताऱ्याला असल्या तरी त्यांचा डोळा माझ्यावर आहे असं मला जयपुरातही वाटायचं. हे केळीची पानं आणायला सायकलवरून गेले होते. त्या गावात केळीचं पान मिळवणं म्हणजे दिव्यच. एका बंगल्याच्या माळ्याशी ओळख काढून ठेवली होती. मुलगी शाळेत गेली होती.

अकराच्या सुमारास दारात पोस्टमन आला. नेहमीचा नव्हे, बदलीवरचा, उन्हात वैतागलेला. म्हणाला, रजिस्टर आहे, सही करा. माझे हात पुरणात. मी चौकटीच्या आतूनच म्हटलं, “आज हाथ नहीं लगा सकती, भैया. कल ले आना.”

“घरवालों की रजिस्ट्री है, बहनजी. ले लीजिए.”

“कहा ना, आज नहीं लूंगी.”

तो दोन क्षण उभा राहिला, पाकिटावर पेन्सिलीनं काहीतरी खरडलं आणि जिना उतरून गेला. ‘घरवालों की’ म्हटल्यावर मला वाटलं, माझ्या भावाचं असेल, गावाकडच्या घराचे काही कागद. उद्या येईल. मग हे पानं घेऊन आले, ती निम्मी फाटलेली निघाली, त्यावरून आमचं वाजलं, आणि पोस्टमन माझ्या डोक्यातून पार गेला. दुसऱ्या दिवशी गौरी पोचवायच्या गडबडीतही त्याची आठवण आली नाही.

दसरा झाल्यावर कॉलेजचा शिपाई घरी येऊन एक लखोटा देऊन गेला. यांना नोकरीवरून काढून टाकलं होतं. हुकमात लिहिलं होतं की शिक्षेबाबतची नोटीस रजिस्टरनं पाठवली असता संबंधितानं ती घेण्यास नकार दिला, सबब त्याचं काही म्हणणं नाही असं समजण्यात येत आहे.

हे उभ्या उभ्या तीनदा वाचून गेले. “नकार? कुणी नकार दिला? इथं पोस्टमन आलाच नाही. हे कागदावर चक्क खोटं लिहितात.”

मला सगळं तिथल्या तिथं कळलं. आणि मी बोलले नाही. एरवी जिची जीभ तोंडात ठरत नाही ती मी, त्या दिवशी गप्प बसले. यांचा चेहरा पाहून मी घाबरले, हे एक. आणि दुसरं म्हणजे मला वाटलं, वरच्या साहेबांकडे अपील करतीलच, तिथं होईल सगळं सरळ. उद्या सांगू, परवा सांगू करत मी ते पुढे ढकललं. मुलगी विचारायची, “आई, मतलब बाबांना काढून टाकलं?” तिलाच मी उगीच दटावायची.

यांनी अपील लिहिलं. रीतसर, स्वच्छ अक्षरात, स्थळप्रत ठेवून. त्यात पहिलाच मुद्दा होता की माझ्या घरी नोटीस घेऊन कोणीही आलेलं नाही. मी ते वाचलं. ते पाकिटात घालून खळीनं चिकटवून दिलं तेही मीच. त्या खळीचा वास अजून नाकात आहे.

अपिलावर सात-आठ महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं की फेटाळण्यात येत आहे. कारण काही नाही. त्या सात-आठ महिन्यांत हे संध्याकाळी गच्चीवर येरझाऱ्या घालायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मी खाली स्वयंपाकघरात पावलं मोजायची. जयपुरात तेव्हा दहा-बारा मराठी घरं असतील. कुणी डॉक्टर, कुणी लष्करातले, कुणी प्राध्यापक. हळदीकुंकवाला गेलं की सगळ्या बायका माझ्याशी फार मऊ बोलायच्या, नोकरीचा विषय टाळून. त्या मऊपणानं माझं डोकं फिरायचं. विचारा ना बायांनो एकदा स्पष्ट, असं ओरडावंसं वाटायचं. पण मी वाण घेऊन गुपचूप घरी यायची. हे एका खाजगी शाळेत तात्पुरते शिकवायला जात, आणि तिथून आले की बूटसुद्धा न काढता खुर्चीवर बसून राहत.

शेवटी वकील गाठला. उतारवयाचा मारवाडी माणूस, पान खाणारा, बोलायला सावकाश. आमचे कागद बगरूच्या छापील चादरीच्या तुकड्यात बांधलेले. ते सोडून त्यानं एकेक पाहिला. म्हणाला, हायकोर्टात रिट टाकू. घटनेतलं तीनशे अकरावं कलम आहे, सरकारी माणसाला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय काढता येत नाही. तुम्हाला नोटीसच मिळाली नाही, हा आपला हुकमी मुद्दा. सरकार पोस्टाच्या शेऱ्याचं पाकीट दाखवेल. आपण बहनजींचं प्रतिज्ञापत्र जोडू की त्या दिवशी घरी कोणी आलंच नाही. त्या घरातच होत्या ना?

दोघंही माझ्याकडे पाहायला लागले.

मी म्हटलं, “आला होता.”

त्या खोलीत वकिलाच्या टेबलावर एक पितळी घंटी होती. मी सगळा वेळ तिच्याकडे पाहत बोलले. गौरी, सोवळं, पुरणाचे हात, कल ले आना, सगळं. वकील पान चघळायचा थांबला. हे उठून बाहेर पडले. घरी येईपर्यंत सायकल हातात धरून माझ्या चार पावलं पुढे चालले. घरात आल्यावर म्हणाले, “मी सरकारला खोटं लिहून दिलं. माझ्यावर खोटेपणाचा आरोप आहे, आणि मी जे एकच खोटं लिहिलं ते तू मला लिहू दिलंस. स्वतःच्या हातानं चिकटवलंस.”

मी रडले. त्याचा काही उपयोग नव्हता. आठ दिवस हे माझ्याशी कामापुरतं बोलले, आणि त्या आठ दिवसांत मी एकेकदा यांच्यावरच संतापत होते. केवढा बाई ताठा, बायकोनं नोकरी घालवली त्यापेक्षा बायकोनं खोटं लिहायला लावलं याचं दुःख मोठं. तो संताप मला बरा वाटायचा, कारण तेवढा वेळ स्वतःची लाज वाटत नसे.

वकिलानं समजावून पाहिलं. म्हणाला, “मास्टरजी, कोणी आलं नाही, एवढंच लिहू या. पोस्टमनला कुठं आठवतंय. सोवळ्याची गोष्ट सांगितली तर तुमच्या अपिलाशी जुळणार नाही, आणि बायकोचा नकार तो तुमचाच नकार, असं सरकारी वकील म्हणेल. खरं सांगून हराल.”

“हरू,” हे म्हणाले.

म्हणून माझं प्रतिज्ञापत्र खरं झालं. वकिलानं मला सोवळं म्हणजे काय ते दहादा विचारलं. त्याच्या घरातही चुलीपाशी शिवाशीव चाले, पण कागदाला का शिवायचं नाही हे त्याच्या गळी उतरेना. मी सांगून सांगून थकले. सांगता सांगता मलाही वाटायला लागलं, खरंच का नाही शिवायचं? पण तेव्हा तो विचार मी पुढे नेला नाही.

जयपूरचं हायकोर्टाचं खंडपीठ तेव्हा मोडलेलं होतं. सगळं जोधपूरला. प्रत्येक तारखेला रात्रीच्या गाडीनं जायचं, दिवसभर कोर्टात बसायचं आणि परत यायचं. बहुतेक वेळा पुढची तारीख मिळायची. कधी सरकारी वकिलाला वेळ हवा असायचा, कधी बोर्डावरचं प्रकरण लागायचंच नाही. हे परत आले की मी जिन्यातच विचारायची, “काय झालं?” हे म्हणायचे, “तारीख.” असं दीड-दोन वर्षं चाललं. त्या काळात मी घरातली कपाटं इकडची तिकडे इतक्या वेळा केली की मुलीला तिची वह्या-पुस्तकं सापडेनाशी झाली.

निकालाच्या सुनावणीला मी हट्टानं बरोबर गेले. कोर्टात बायका जवळजवळ नव्हत्याच. मी मागच्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. सरकारी वकिलानं ते पाकीट वर करून दाखवलं. मी ते पहिल्यांदा पाहिलं. एवढंसं खाकी पाकीट. आमच्या वकिलानं माझं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत वाचलं. त्यात गौरी, सोवळं एवढेच शब्द मला ओळखीचे. न्यायमूर्ती वयस्कर होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा बाकांकडे पाहिलं, आमच्या वकिलाला काहीतरी विचारलं, वकिलानं माझ्याकडे बोट केलं. मला वाटलं आता मला उठवून विचारतील, हो की नाही, यांनी सांगितलं होतं का त्या मुलांना. मी मनात उत्तर तयार केलं. मला कुणीच काही विचारलं नाही.

आम्ही जिंकलो. वकिलानं बाहेर व्हरांड्यात सगळं समजावून सांगितलं. नोटीस बायकोला देऊ केली होती, नवऱ्याला नाही. बायकोनं दुसऱ्या दिवशी आणा म्हटलं, त्याला नवऱ्याचा नकार म्हणता येणार नाही. अपिलात नवऱ्यानं लिहिलं ते त्याच्या माहितीप्रमाणे खरं होतं. सबब म्हणणं मांडायची संधी मिळाली नाही, बडतर्फी रद्द. तो हसत होता, पानानं रंगलेले दात दिसत होते.

“आणि आरोपाचं?” यांनी विचारलं.

“कसला आरोप?”

“मी क्षाराचं नाव सांगितलं की नाही. त्यावर काय म्हणाले?”

“ते कोर्ट बघत नाही, मास्टरजी. आरोप खरा की खोटा हे आमचं काम नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलंय. कोर्ट फक्त रीत पाळली का ते बघतं. खात्याला हवं तर नोटिशीपासून पुन्हा सुरू करता येईल.” मग यांच्याकडे पाहून तो म्हणाला, “अहो, नोकरी परत मिळाली.”

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले होते. मला वाटत होतं कुणाला तरी पेढे वाटावेत. हे म्हणाले, “तुझं सोवळं खरं ठरलं. माझं काहीच ठरलं नाही.” मग म्हणाले, “मला कुणी विचारलंच नाही.”

“मला कधीच शंका नव्हती,” मी म्हटलं.

“हो. तूही विचारलं नाहीस.”

मी डबा उघडला आणि दशम्या काढल्या.

हे कॉलेजात परत रुजू झाले. जागा तीच, प्रयोगशाळा तीच, पण क्षारांच्या कपाटाची किल्ली यांना कुणी दिली नाही. परीक्षेच्या दिवशी यांना लायब्ररीत बसवायचे. नोकरीला लागलेला एक नवा मुलगा पुड्या करायचा. हे कुणाशी भांडले नाहीत. घरी येऊन गच्चीवर येरझाऱ्या सुरू. मी म्हणायची, झालं ते झालं, नोकरी आहे ना. पण मलाही चैन नव्हतं. गाडीतलं ते वाक्य माझ्या मनातून जात नव्हतं. शंका नव्हती म्हणून विचारलं नाही, की उत्तराची भीती होती म्हणून? भाजी चिरताना, वेणी घालताना मी स्वतःला विचारायची. आणि जिन्यावर पोस्टमनची पावलं वाजली की हातातलं काम टाकून उठायची. खातं पुन्हा नोटीस काढील, नाही काढणार, या विचारात आणखी वर्ष गेलं.

अक्षय्य तृतीयेला यांना सुट्टी होती. तिकडे तिला आखातीज म्हणतात. त्या दिवशी गल्लोगल्ली लग्नं, सकाळपासून बँड. मी सोवळ्यात, पुरणावर. पोस्टमन आला तो आमचा नेहमीचा, म्हातारा. आमची सगळी कथा त्याला ठाऊक. तो दारापासून हातभर लांब उभा राहिला आणि म्हणाला, “बहनजी, रजिस्ट्री है मास्टरजी की. आप रसोई में हैं तो मैं कल आ जाऊं?”

मी तशीच बाहेर आले. पुरणाच्या हातांनी. “लाओ.”

त्यानं पेन दिलं. मी सही केली. पावतीवर हळदीचं बोट उठलं. पाकीट घेऊन गच्चीवर गेले आणि यांच्या हातात दिलं. यांनी माझ्या पातळाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. पाकीट फोडून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“पुन्हा तेच?” मी विचारलं. पुन्हा जोधपूर, पुन्हा तारखा. मला ते सोसवलं नसतं.

“तेच. पंधरा दिवसांत म्हणणं मांडा.” आणि हे हसले. किती वर्षांनी यांना मी असं हसताना पाहिलं. “अगं, विचारलंय त्यांनी. मला विचारलंय.”

हे लगेच खाली जायला निघाले. टिपणं कुठं आहेत, चांगला कागद आहे का, दौतीत शाई आहे का. मी जिन्याच्या दाराशी उभी होते. बाजूला झाले नाही.

“अहो.”

“काय?”

“तुम्ही त्या मुलांना सांगितलं होतं का?”

खाली गल्लीत वरात चालली होती. हे माझ्याकडे पाहत राहिले. रागावतील असं मला वाटलं, पण रागावले नाहीत.

“नाही,” हे म्हणाले.

“बरं,” मी म्हटलं.

“आता हो बाजूला. आणि खाली जा, पुरण लागेल.”

पुरण लागलंच होतं. त्याच हातांनी मी त्यातलं वरचं वरचं काढून घेतलं, पोळ्या केल्या आणि नैवेद्य दाखवला. हे आतल्या खोलीत लिहीत बसले होते. तीनदा हाक मारली तेव्हा जेवायला उठले.